लुगड्याचं हिरवं फडकं

दसऱ्याआधीचा आठवडा म्हणजे आमच्या धंद्यात नुसती पळापळ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं ती. सांगलीत एसी होते ते डॉक्टरांकडे, फोटो स्टुडिओत आणि एखाद्या बड्या पेढीवर. पण ज्याच्याकडे होता त्याला तो खंडेनवमीच्या आत धुऊनपुसून हवा असायचा, मशीनची पूजा करायची म्हणून. फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान वडिलांचं, मी त्यांच्या हाताखाली. विशी ओलांडलेली आणि डोकं कायम तापलेलं. सकाळी माधवनगर, दुपारी कुपवाड, जेवायलाही फुरसत नाही. त्याच घाईत एका लहानशा खासगी दवाखान्यातल्या खोलीचा एसी मी खिडकीतून बाहेर ओढला, आतून साफ केला, परत बसवला. सुरू करून हात धरला. वारा चांगला लागत होता. खोली तेव्हा रिकामी होती. मी निघालो.

खंडेनवमीला सकाळी दादांनी, म्हणजे वडिलांनी, दुकानात हत्यारं पाटावर मांडली. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, गॅसचं मीटर. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा हत्यार पाटावर गेलं की दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दादा एरवी देवदेव करणारे नव्हते, पण या बाबतीत त्यांच्यापुढं कुणाचं काही चालत नसे.

अकराच्या सुमाराला दवाखान्याचा कंपाउंडर लुनावरून आला. "एसी चालू आहे, पण वाराच येईना. पेशंट भाजलेली आहे हो."

"आज हत्यार उचलायचं न्हाई," दादा म्हणाले. "उद्या सोनं लुटलं की पयलं तुमच्याकडं."

माझं टाळकंच सटकलं. "नुसतं बघून तरी येतो," म्हणून मी सायकल काढली.

खोलीत शिरलो आणि जीव घुसमटला. सतरा-अठरा वर्षांची पोरगी. कवठे महांकाळकडची. आदल्या दिवशी कडाकण्या तळताना तेलाची कढई अंगावर आलेली. चादर अंगाला टेकू नये म्हणून वर लोखंडी चौकट. खिडक्या बंद, फटींना कागद चिकटवलेले. धूळ उडते म्हणून पंखा लावायचा नाही. सगळी भिस्त त्या एसीवर, आणि त्याच्या जाळीसमोर हात धरला तर गरम चहावर मारलेल्या फुंकरीएवढा वारा. पोरीची आई पदरानं वारा घालत होती. पोरगी डोळे मिटून एकसारखं "आई गं, आई गं" करत होती.

पुढची जाळी हातानं निघते. आतला फिल्टर काढला, तो स्वच्छ होता. त्यामागच्या कॉइलवर, म्हणजे गारवा देणाऱ्या नळ्यांवर, मात्र पांढराशुभ्र बर्फ. वारा अडला की बर्फ धरतो, हे मला ठाऊक होतं. गारवा बंद करून नुसता आतला पंखा चालू ठेवला. तासाभरानं बर्फ वितळला, बादलीभर पाणी गळलं, तरी वारा नाहीच. पंखा मात्र कोंडल्यासारखा घुमत होता. मी बॅटरी घेऊन कॉइलच्या बारीक पत्र्यांमधून आत पाहिलं. आत काहीतरी हिरवं दिसलं.

आईचं जुनं लुगडं फाडून आम्ही फडकी करायचो. ते लुगडं हिरवं होतं. साफ करताना फडकं मी आतच विसरलो होतो आणि पंख्यानं ते ओढून स्वतःच्या तोंडावर घट्ट धरलं होतं.

"हुईल न्हवं रं बाबा?" तिच्या आईनं विचारलं.

"हत्यारं घेऊन येतो," एवढंच बोललो.

दुकानात पोचलो तर दादा पेपर वाचत बसलेले. "एकदा सांगितलं की न्हाई तुला?" त्यांनी मान वर न करताच म्हटलं.

"दादा, आवं फडकं राहिलंय आत. माझं."

त्यांनी पेपर खाली ठेवला. आता कानाखाली बसणार, असं मला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं. ते उठले, पाटापुढं वाकले, स्क्रू ड्रायव्हर आणि पाने उचलले आणि कपाळाला लावले. "चल."

एसी त्यांनीच उघडला. दोन बोटांनी ते फडकं बाहेर ओढलं, काठ बघितला आणि खिशात घातलं. यंत्र परत बसवून सुरू केलं, तसा भसाभस गार वारा आला. पोरीचं कण्हणं हळूहळू कमी झालं.

"काय हुतं वो?" तिच्या आईनं विचारलं.

दादांनी माझ्याकडं पाहिलं.

"बर्फ धरला होता," मी म्हणालो.

दसऱ्याला संध्याकाळी एसी बघायच्या निमित्तानं मी परत गेलो. त्या माउलीनं कुठून तरी आपट्याची पानं मिळवली होती. ती माझ्या हातात देत म्हणाली, "सोनं घे, बाबा. सणाचं कोण येतंय? तू आलास म्हणून माझ्या लेकीला वारं लागलं." लाज वाटली, इतकी की पान बोटांत धरवेना. तरी घेतलं. सांगायचं असतं तर तीच वेळ होती. मी तिच्या पाया पडलो आणि पळालो.

घरी दादांना सोनं द्यायला वाकलो. त्यांनी हात पुढं केला नाही. "त्या बाईला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला देतोस?"

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी दुकान न उघडता तडक दवाखान्यात गेलो, वाक्य मनात घोकत. खोलीत खाट रिकामी, गादी उभी करून ठेवलेली. पहाटे ताप चढला म्हणून मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, असं नर्स म्हणाली. एसी बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खोली गारेगार झाली होती.

पुढच्या खंडेनवमीपासून दादा एक स्क्रू ड्रायव्हर पाटावर ठेवत नसत. विचारलं कुणी तर म्हणायचे, "असू दे."

मिरज सायकलवर जाण्याएवढी जवळ. कवठे महांकाळ एसटीनं तास-दीड तासाचं. ती पोरगी जगली का, एवढं विचारायला मी दोन्हीकडं गेलो नाही. अजून गेलेलो नाही.