ब्लँकेट कुणी विणलं

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मायक्रो ओट्याजवळ स्टुलावर बसून मटार सोलत होता. बायकोचे हात साबणाने भरलेले, म्हणून तिने कोपरानेच फोन स्पीकरवर टाकला आणि विहीणबाईंचा खणखणीत आवाज घरभर झाला.

“काय ब्लँकेट आहे हो ते. पोरगी त्याच्याशिवाय झोपत नाही. घरी येईल त्याला मी उलगडून दाखवते. तुमच्या बोटांत जादू आहे, विहीणबाई.”

“अहो, जादू कसली,” बायको म्हणाली. “वेळ जातो आपला.”

मायक्रोच्या मुठीत शेंग फटकन फुटली आणि दाणे फ्रिजखाली गेले. वेळ जातो म्हणे. चार महिने लागले होते त्या ब्लँकेटला. एकशे चव्वेचाळीस टाके, मधोमध सहा वेण्या, प्रत्येक वेणीला दर आठव्या ओळीत पीळ. एकदा पीळ चुकून सातव्या ओळीत पडला म्हणून त्याने वीतभर विणलेलं उसवून टाकलं होतं. आणि ही बाई, जिला बटण लावायचं झालं तर सुईत दोरासुद्धा तोच ओवून द्यायचा, ती सांगत होती वेळ जातो आपला.

मायक्रो टर्नर होता. सत्तावीस वर्षं लेथवर उभा राहून लोखंडी दांडे कातत होता. आपलं असो की दुसऱ्याचं, काम मापात नसेल तर सही करायचा नाही, मग साहेब येऊन उभा राहिला तरी बेहत्तर. एकदा कॅन्टीनमधली बिस्किटं पातळ झाल्यासारखी वाटली, तर याने खिशातून जाडी मोजायचं मायक्रोमीटर काढून बिस्किट मोजलं. तेव्हापासून सगळे त्याला मायक्रो म्हणू लागले आणि त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या कार्डावर उरलं.

विणकाम त्याच्याकडे आलं ते अपघाताने. अकरा वर्षांपूर्वी लेथवर दांडा पकडणाऱ्या चकची किल्ली उडून उजव्या हाताची दोन बोटं चेचली होती. ऑपरेशन झालं, पण बोटं मिटेनात. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला, तो तिसऱ्या दिवशी याने भिंतीवर फेकला. मग त्या बाईंनी कपाटातून दोन सुया आणि लोकरीचा गुंडा काढला आणि म्हणाल्या, “हे फेकता येत असेल तर फेका.” त्याने फेकलं नाही. पहिला आठवडा टाके सुईवरून निसटत होते, दुसऱ्या आठवड्यात पट्टी वाकडी यायला लागली, तिसऱ्यात सरळ. दीड महिन्यात बोटं मिटली. बोटं बरी झाली तरी सुया काही सुटल्या नाहीत.

लेथवाल्याला विणकाम न जमायला काय झालं? तिथेही मोजायचं, इथेही मोजायचं. तो आधी चौकटीच्या कागदावर आराखडा काढायचा, मग नमुन्याची पट्टी विणून एका इंचात किती टाके बसतात ते बघायचा. मुलीला शाळेचा स्वेटर, बायकोला शाल, मेव्हण्याला कानटोपी, मुलीच्या लग्नात जावयाला बिनबाह्यांचं जाकीट, आणि आता नातीला ब्लँकेट. सगळं सकाळच्या शिफ्टवरून आल्यावर, पुढच्या खोलीचा पडदा ओढून. बेल वाजली की सुया वर्तमानपत्राखाली आणि तो वर्तमानपत्राच्या वर.

आणि दरवेळी कौतुक बायकोचं. मेव्हणा म्हणाला, ताईचा हात म्हणजे हात. जावई म्हणाला, आईंसारखं कुणी करत नाही. मायक्रो शेजारी बसून ऐकायचा आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. फोन ठेवून बायको हात पुसू लागली तेव्हा त्या दिवशी तो बोललाच.

“वेळ जातो म्हणे. माझा जातो. तुझा कुठे जातो?”

“मग काय सांगू?” ती म्हणाली. “आणि ते दाणे फ्रिजखालून काढा. ऐकलंत ना, रविवारी विहीणबाई मंडळींना घेऊन येतायत. ब्लँकेट पाळण्याच्या स्क्रूत अडकून फाटलंय, त्यांना माझ्याकडून ते दुरुस्त करायला शिकायचंय.”

“कुणाकडून?”

“माझ्याकडून,” बायको म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज जरा पातळ झाला.

रविवारी सकाळी तिने उजव्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलं. मायक्रो दाढी करत होता. आरशात त्याला ते दिसलं.

“हे काय?”

“मनगट दुखतंय माझं. दुपारपर्यंत दुखणार आहे.”

त्याला इतका राग आला की त्याने अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तिला सांगितलं, आज तो तोंडातून अक्षर काढणार नाही. बघू या, कशी निभावते ते. बायको म्हणाली, “फार उपकार होतील.”

अकरा वाजता जावयाने मुलीला, नातीला आणि विहीणबाईंना दारात उतरवलं आणि तो गाडी धुवायला गेला. विहीणबाई आयुष्यभर गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडकापणीच्या टेबलावर होत्या. बोलणं मोठं, चालणं भराभर. आल्या आल्या त्यांनी चहा नंतर म्हणून सांगितलं आणि पिशवीतून ब्लँकेट काढून टेबलावर पसरलं.

मायक्रो कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसला होता. त्याने कागदाच्या कडेवरून पाहिलं. पाळण्याच्या स्क्रूत अडकून तिसऱ्या वेणीची लोकर तुटली होती. चार टाके मोकळे सुटून शिडीसारखे खाली उतरत चालले होते. कुणीतरी ते आणखी पळू नयेत म्हणून त्यात सेफ्टी पिन अडकवली होती. पिनेचं भोक पडलेलं त्याला खुर्चीतून दिसलं.

“अगंबाई, मनगटाला काय झालं?” विहीणबाईंनी विचारलं.

“लचकलंय,” बायको म्हणाली. मुलीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि बाळाचं झबलं उगाचच नीट करायला लागली.

“असू दे. तुम्ही तोंडाने सांगा, मी करते. सुरुवात कुठून?”

“खालून,” बायको म्हणाली. “म्हणजे खालून वर घ्यायचं. असं हळूहळू.”

“आणि हा तुटलेला दोरा?”

“तो आत जातो.”

“आत कुठे?”

“आतल्या आत,” बायको म्हणाली.

वर्तमानपत्रामागे मायक्रोला हसू यायला हवं होतं, आलं नाही. आतल्या आत म्हणे. त्याने त्याच बातमीची पहिली ओळ चौथ्यांदा वाचली.

विहीणबाईंनी थोडा वेळ ब्लँकेट उलटसुलट केलं. त्यांचा जन्म कापडात गेला होता, आणि कापड फाटलं की कापडवाली माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. पर्समधून कात्री काढली. “एवढा फाटका चौकोन काढून टाकते आणि दुसऱ्या लोकरीचा तुकडा बसवते,” त्या म्हणाल्या आणि तिसऱ्या वेणीला कात्रीचं तोंड लावलं.

“कात्री खाली ठेवा.”

तो इतक्या हळू बोलला होता की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. वर्तमानपत्र जमिनीवर पडलं होतं आणि मायक्रो टेबलापाशी उभा होता.

“विणलेलं कापत नाहीत,” तो म्हणाला. “एक टाका कापला की शेजारचे दहा सुटतात. आणि ही पिन कुणी लावली? ब्लँकेटला पिन लावतात का कुणी?”

तो आत गेला आणि पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात उरलेल्या लोकरीची छोटी छोटी बंडलं होती, प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर रंगाचा नंबर आणि तारीख. त्याने बरोबर ती लोकर काढली, क्रोशाची सुई घेतली, पिन सोडवली, आणि खाली उतरलेला पहिला टाका शिडीच्या एकेका पायरीवरून वर चढवायला लागला. विहीणबाई टेबलावर वाकल्या. बाळसुद्धा त्याच्या बोटांकडे बघत राहिलं. चार टाके वर आले. नवा दोरा जुन्यात दोन बोटं आत मुरवला, वेणीला पीळ दिला, उलट्या बाजूने टोक दडवलं आणि हाताने जागा सपाट केली. पाऊण तास लागला असेल.

विहीणबाईंनी ब्लँकेट उचलून उजेडात धरलं. तुटलेली जागा त्यांना सापडेना.

“म्हणजे हे तुम्ही विणलंय,” त्या म्हणाल्या.

“मी विणलंय. जावयाचं जाकीटही मीच विणलंय. हिला सुई कुठल्या हातात धरायची तेही माहीत नाही.” मग तो मुलीकडे वळला, आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. “परक्यांचं सोड. तू सांगायचंस ना सासरी. लाज वाटते बापाची? आईने विणलं, आईने विणलं, कुणी सांगितलं होतं तुला असं म्हणायला?”

“तुम्ही,” मुलगी म्हणाली.

“मी?”

“शाळेचा स्वेटर पहिल्यांदा घातला तेव्हा. तुम्ही बसस्टॉपपर्यंत आलात माझ्याबरोबर. म्हणालात, कुणी विचारलं तर आईचं नाव सांगायचं, माझं नाही. दोनदा वदवून घेतलंत माझ्याकडून.”

“आणि माझ्याकडून रोज,” बायको म्हणाली. ती बँडेज सोडत होती. “तुमच्या फोरमनला मफलर दिलात तेव्हा ते म्हणाले वहिनींनी विणलं वाटतं, आणि तुम्ही मान हलवून आलात. घरी येऊन मला बजावलंत, कारखान्यात कळलं तर लोक जगू देणार नाहीत. अकरा वर्षं मी खोटं कौतुक गिळतेय. ते गोड लागतं असं वाटतं का तुम्हाला?”

मायक्रोला बसस्टॉप आठवला. मफलर आठवला. मान हलवली होती खरी. पण एकदा मान हलवली म्हणून माणसांनी अकरा वर्षं तेच धरून बसावं, हे काही त्याला पटेना.

“मी म्हणालो असेन,” तो म्हणाला. “पण ऐकायचं कशाला एवढं? इतर वेळी ऐकता का माझं?”

यावर विहीणबाईंनी ब्लँकेट टेबलावर ठेवलं. आता त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“थांबा जरा. तुमचं तुम्ही बघाल. माझं काय? ब्लँकेट आल्यापासून मी भलत्याच माणसाला फोन करतेय. आणि आमच्या घरात कुणी हसेल असं वाटलं तुम्हाला? समजता काय आम्हाला? आमच्या कारखान्यात शंभर पुरुष मशीनवर बसून शाळेतल्या मुलींचे फ्रॉक शिवायचे. त्यांना कुणी हसलं नाही.”

मायक्रो उभाच राहिला, हातात क्रोशाची सुई घेऊन.

“बसा,” विहीणबाई म्हणाल्या, “आणि शिकवा. मी त्यासाठी आलेय. जेवल्याशिवाय जात नाही आणि शिकल्याशिवाय जेवत नाही.”

तो वाईट मास्तर निघाला. दर ओळीला मोजायला लावायचा, एक टाका सैल दिसला की उसवायला लावायचा. दोन वाजेपर्यंत विहीणबाईंची चार बोटं पट्टी झाली आणि तीही त्याने बिनसहीची ठरवली. त्या जाताना बायकोला म्हणाल्या, “तुम्ही या माणसाबरोबर राहता, ही खरी कमाल.” बायको म्हणाली, “हे कौतुक मात्र माझं हं.” मुलगी दारात थांबली. निघताना बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तोही नातीच्या पायातला मोजा वर ओढत राहिला, खाली सरकला नव्हता तरी.

सोमवारी चहाच्या सुट्टीत त्याने कारखान्यात सांगून टाकलं. काही लपवायचं नाही आणि काही सजवायचं नाही, असं ठरवून तो एका दमात बोलला. हसायचे ते हसलेच. एकाने विचारलं, लेथला पण स्वेटर घालणार का. तीन दिवस त्याला ‘काकू’ म्हणून हाक मारली गेली, आणि तीनही दिवस त्याने त्या हाकेला ओ दिली नाही आणि त्या माणसांच्या कामावर सहीही केली नाही. चौथ्या दिवशी हाक बंद झाली.

पाचव्या दिवशी क्रेन चालवणारा त्याच्या लेथपाशी आला. धिप्पाड माणूस, कुणाशी फार न बोलणारा. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुना तपकिरी स्वेटर काढला. दोन्ही कोपरं गेलेली होती.

“होईल का काही?”

“मी काय दुकान उघडलंय का?” मायक्रो म्हणाला. हातांना तेल लागलेलं होतं, म्हणून त्याने आधी हात पुसले आणि मग स्वेटर घेतला. गळा उलटा करून पाहिला. कपाळाला आठी पडली. “हे टाके कुणी बंद केलेत असे?”

“आईने,” क्रेनवाला म्हणाला. “आता नाही ती.”

मायक्रोने लेथ बंद केला. गळ्याच्या कडेवरून अंगठा हळूहळू फिरवत पूर्ण गोल आणला.

“सैल आहेत थोडे,” तो म्हणाला. “पण ते तसेच ठेवू. कोपरं करून देतो.”