पहिल्या पानावर अडलेली पुस्तिका

"अहो मास्तर, कालचं वाक्य बरं होतं की! रातोरात त्याला काय मुंग्या लागल्या?"

घडीवाल्या मावशींनी प्रूफ टेबलावर आपटलं. छापखान्यात त्यांना सगळे याच नावानं हाक मारतात. छापून आलेल्या कागदाला घड्या घालून त्याची पुस्तिका करायची, चाळीस वर्षं हेच काम. समोर तिघं उभी होती: निवृत्त मास्तर, दवाखान्यातली नर्स आणि एक चष्मेवाला. त्यांच्या मंडळाची सोळा पानांची पुस्तिका होती, ‘अराज्यवाद: पहिली ओळख’. पहिल्या पानावर व्याख्या, शेवटच्या पानावर नवख्यानं आधी काय वाचावं याची यादी. यादीचं भांडण कसंबसं मिटलं होतं. व्याख्येचं मात्र हे सातवं प्रूफ.

"काल मी नव्हते," नर्स म्हणाली. "नुसतं ‘सरकार नको’ लिहिलंय. वॉर्डात माझ्यावर खेकसतो तो डॉक्टर काय सरकार आहे? कुणाचाच वरचढपणा नको, असं हवं."

"मग त्यात काहीही बसेल. शाळेची घंटासुद्धा!" मास्तर उसळले.

"मुळात एकच व्याख्या छापणं," चष्मेवाला म्हणाला, "म्हणजे वाचणाऱ्यावर सत्ता गाजवणं."

"मग कोरं पान देऊ का, बाबा?" मावशी म्हणाल्या. "शाई तरी वाचेल."

चष्मेवाल्यानं ते वहीत टिपून घेतलं. मावशींनी कपाळाला हात लावला.

मंडळाला अध्यक्ष नाही. एकाचाही हात नकारासाठी वर गेला की काम ठप्प. आणि पहिलं पान काही एकटं छापत नाहीत. चौथं, पाचवं, थेट सोळावं पानही कागदाच्या त्याच अंगावर येतं. त्यामुळे एका अंगानं छापलेले, दुसऱ्या अंगानं कोरे असे हजार कागद सोमवारपासून मावशींचं टेबल अडवून बसले होते. बाकीच्या घड्या त्या फरशीवर बसून घालत होत्या, आणि गुडघे शिव्या देत होते.

पण त्यांची तगमग निराळीच होती. त्यांचे वडील याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि स्वतःला अराज्यवादी म्हणवायचे. रविवारी घरच्या माडीवर चार माणसं जमायची. सात वर्षांच्या मावशी चहाचे पेले वर नेऊन द्यायच्या. तेव्हाही भांडण पहिल्याच वाक्यावर. वडील गेले, वाक्य काही झालं नाही. आता नातीला पणजोबांवर पाच ओळी लिहून उद्या शाळेत न्यायच्या होत्या. "आजी, ते होते तरी कोण गं?" या प्रश्नावर मावशींनी ‘संध्याकाळी सांगते’ म्हणून वेळ मारून नेली होती. म्हटलं, पुस्तिका निघतेच आहे, त्यातलं एक सरळ वाक्य उचलून देऊ.

"मला एकच वाक्य द्या," त्या म्हणाल्या. "माझे वडीलही तुमच्यातलेच होते. नातीला सांगण्यापुरतं द्या, छापू नका हवं तर."

तिघं एकदम बोलायला लागली. वडिलांचा विरोध सरकारला होता की मालकालाही, हे मास्तरांना आधी जाणून घ्यायचं होतं. घरात कसे वागायचे, हे नर्सनं विचारलं.

"आणि मालकाच्या छापखान्यात नोकरी करत होते ना?" चष्मेवाला म्हणाला. "मग त्यांना खरे अराज्यवादी म्हणता येईल का, यावरच आधी..."

"गप रे!" मावशी कडाडल्या. "माझा बाप कोण होता, ते आता तू ठरवणार?"

उद्या परत यायचं, यावर मात्र तिघांचं लगेच एकमत झालं. जिना उतरताना पुन्हा जुंपल्याचं वरपर्यंत ऐकू येत होतं.

मावशींनी एक खराब कागद ओढला. कोऱ्या अंगावर पेन्सिलीनं लिहिलं: ‘पणजोबा खिळे जुळवायचे. कुणी कुणावर हुकूम चालवू नये, असं म्हणायचे. मालक आला तरी खुर्चीतून उठायचे नाहीत. घरी मात्र बसल्या जागी पाणी मागायचे.’

मोजलं. चारच ओळी. पेन्सिल चावून पाहिली, पाचवी सुचेना.

कागद चौपदरी करून त्यांनी पिशवीत कोंबला. टेबलावरच्या ढिगाकडे एकदा खाऊ की गिळू असं पाहिलं, भिंतीला धरून फरशीवर बसल्या आणि औषधांच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा पुढ्यात ओढून घड्या घालायला लागल्या.