सासऱ्यांची सहाबारी

लग्न होऊन कोबेच्या या घरात आले, तेव्हा सासऱ्यांच्या छंदाबद्दल नवऱ्याने मला काही सांगितलं नव्हतं. जपानी म्हातारा म्हणजे फार तर बोन्सायची झाडं, इतकीच माझ्या मनाची तयारी. निघाली पिस्तुलं. तीही दीडशे वर्षांहून जुनी, इंग्रजी फौजेची, कधीकाळी इथल्याच बंदरात उतरलेली. जुन्या वस्तू म्हणून त्यांची सरकारदरबारी रीतसर नोंद आहे, घरात ठेवायला कायद्याची हरकत नाही, हे सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मला समजावून सांगितलं. हरकत माझी होती.

एकूण तीन होती. त्यांतलं त्यांचं लाडकं म्हणजे अक्रोडाच्या मुठीचं, हातात घेतलं की मनगट खाली ओढणारं. आमच्याकडे याला सहाबारी म्हणतात, असं मी एकदा ऐटीत सांगितलं, तर त्यांनी गोळ्या भरायच्या चक्राची घरं मला मोजून दाखवली. पाचच निघाली. तेव्हापासून त्यांना मला चिडवायला एक मराठी शब्द मिळाला. भात कमी झाला, पाहुणा आला नाही, काहीही उणं पडलं की ते शांतपणे म्हणायचे, "सहाबारी."

मला राग पिस्तुलाचा नव्हता, त्याच्यावरच्या बाणाचा होता. लोखंडावर नखाएवढा एक बाण ठोकलेला आहे. हा इंग्रज सरकारचा माल, असा त्याचा अर्थ. घडण सत्तावन्नच्या उठावाच्या सुमाराची. तो धडा मी शाळेत छाती फुगवून वाचलेला. हे कुठे कुठे फिरलं, कुणावर रोखलं गेलं, असं मी विचारलं की सासरे म्हणत, माहीत नाही. खोटं सांगून माझी समजूत काढत नसत, हे मला आवडायचं. उत्तर मात्र कधीच आवडलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. हातमोजे घालून, लवंगेच्या तेलाचं फडकं फिरवत बसणं जमेना. दोन पिस्तुलं त्यांनी एका ओळखीच्या शौकिनाला देऊन टाकली. हे तिसरं तरी घरात राहावं, एवढीच इच्छा होती. नवऱ्याने कानांवर हात ठेवले. मग ते माझ्याकडे वळले, आणि मी स्वच्छ नाही म्हटलं. इंग्रजांचं हत्यार मी सांभाळणार नाही, कुणाच्या बापाने सांगितलं तरी. हे शेवटचं अर्थात मराठीत.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तो शौकीन तेही न्यायला येणार असं ठरलं. सासरे पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत. जेवणावरचं त्यांचं लक्ष मात्र उडालं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं आपण काही हिसकावून घेतलंय असं वाटून मला दिवसभर वाईट वाटायचं. तरी मी नमले नाही.

खंडेनवमीला मी नेहमीसारखी पूजा मांडली. पुण्याहून आणलेली विळी, कात्री, माझा लॅपटॉप, नवऱ्याचं ड्रिल. सासरे दारात उभे राहून बघत होते. आज हत्यारांची पूजा, आज त्यांना कामाला लावायचं नाही, विश्रांती द्यायची, असं मी त्यांना सांगितलं. म्हणूनच काही चिरलेलं नाही, दुपारी कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातल्या ओनिगिरीवर, भाताच्या तयार गोळ्यांवर भागवायचंय.

ते आत गेले आणि पिस्तूल घेऊन आले.

"याची तर रोजच विश्रांती असते," ते म्हणाले. "चालेल का?"

मला हसू आलं. विळीशेजारी जागा करून दिली. घामाच्या बोटाने गंज चढतो म्हणून ते कुणालाही त्याला हात लावू देत नसत, तेव्हा मी लांबूनच अक्षता टाकल्या. पण त्यांनी विळीवरच्या ओल्या टिळ्याकडे बोट दाखवलं आणि मग पिस्तुलाकडे. मी कुंकवात बोट बुडवलं. कुठे लावावं हे शोधावं लागलंच नाही. बाणावर लावलं, चांगलं दाबून. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि हात जोडून कंबरेत वाकले.

दसऱ्याला सकाळी सगळी हत्यारं जागच्या जागी गेली. सासरे खिडकीपाशी पिस्तूल पुसत बसले होते. नळी पुसली, चक्र पुसलं, मूठ पुसली. बाण होता तिथला लाल ठिपका सोडून फडकं त्याच्या भोवतीनं नेलं.

"ओतोसान, तिथे गंज चढेल," मी म्हटलं.

"चढेल," ते म्हणाले. "घरातल्याच कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

मोठा बिलंदर म्हातारा. मी पुढे झाले. मग त्यांच्या थरथरत्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हटलं, रविवारी येऊ नका म्हणून त्या माणसाला कळवा.