बंद घरांची आक्का

"बघते की मी," असं आक्का म्हणाली की समोरच्याला वाटायचं, हिनं कबूल केलं. खरं म्हणजे तिनं काहीच कबूल केलेलं नसायचं. तुम्हीही नीट ऐकून पाहा, त्यात होकार नाही आणि नकारही नाही. चर्चचे पाळकसाहेब तिला सांगायचे, "आक्का, उपासना चालू असताना मधेच बोलू नये." आक्का म्हणायची, "बघते की मी." आणि पुढच्या रविवारी पुन्हा मधेच बोलायची.

दुसरी तिची सवय पदराची. बाजारात काही घ्यायचं झालं तर ती हात पुढं करत नसे, पदर पसरायची. देणाऱ्याला वरून टाकता यावं, शिवाशिवीचा प्रश्नच नको. मला ते पाहवत नसे. एकदा मी चिडून म्हणालो, "आक्का, हात आहेत ना तुला? मग हात पुढं कर."

"हात पुडं केला तर त्यो इचार करत बसतो, मास्तर. त्याचा इचार हुईस्तवर वांगी संपत्यात."

मला का पाहवत नसे, ते सांगतो. मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यात माझा बाप गावाची राखण करायचा. त्याला अक्षर माहीत नव्हतं. मी पुण्याला कॉलेजात जाऊन बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला, आणि सोलापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतलाही पहिला. हे मी खाली मान घालून सांगत नाही. मिशनच्या शाळेत मास्तर झालो, पायात बूट आले. आक्का त्याच शाळेच्या बोर्डिंगात भाकऱ्या भाजायची. माझ्या बुटांकडं बघून म्हणायची, "बीए झालं की पाय लई वाजत्यात, न्हाय?"

आता आक्का नाही. तिच्याबद्दल लिहायला बसलो की मला प्लेगचा तो हिवाळाच आठवतो.

दिवाळी झाली आणि चर्चमागच्या बोळात उंदीर पडायला लागले. आठवड्याच्या आत एका विणकराच्या घरात मुलाच्या काखेत गाठ आली. मग बोळ रिकामा व्हायला वेळ लागला नाही. कोर्टातला कारकून, तेलगू विणकर, शिलाईवाला मुसलमान, सगळे गावाबाहेरच्या माळावर तट्ट्यांच्या झोपड्या घालून राहायला गेले. आमच्या लोकांनी मिशनच्या डाक्तरीणबाईंकडून लस टोचून घेतली होती. दंड सुजले, ताप आला, निम्म्या लोकांनी डाक्तरीणबाईंना शिव्या दिल्या, पण त्या जोरावर आम्ही जागच्या जागी राहिलो. लसीवर माझा विश्वास होता. तरी आंघोळ करताना माझा हात रोज आपोआप काखेत जायचा.

रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मंडळीला थांबवून घेतलं. शेजारी उघड्या माळावर पडलेत, आपण काय करणार, असा त्यांचा प्रश्न होता. पुरुषांनी झोपड्या उभारून द्यायचं कबूल केलं. बायकांनी रोज दळायला बसताना मूठभर ज्वारी बाजूला काढायचं ठरवलं. बोर्डिंगनं भाकऱ्या द्याव्यात असंही ठरलं. दुसऱ्या दिवशी आक्कानं पाटीभर भाकऱ्या भाजल्या, डोक्यावर घेऊन माळावर गेली आणि तशीच भरली पाटी घेऊन परत आली.

"कुनी घेतली न्हाय," ती हसत म्हणाली. "वास मातर समद्यांनी घेतला."

मग आम्ही कोरडी ज्वारी नेली. ती घेतली. दाणा चालतो, त्याची भाकरी झाली की चालत नाही. हे शास्त्र मला कॉलेजातही कुणी समजावून सांगू शकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब ज्वारीबद्दल देवाचे आभार मानत होते, तेवढ्यात आक्का मधेच बोलली.

"साहेब, त्यांना पोटाची काळजी न्हाय. समदी बोळाकडं त्वांड करून बसल्याती. कुलपाची काळजी लागलीया त्यांना."

तिचं खरं होतं. म्युनिसिपालटीची माणसं बंद घरांची कुलपं फोडून आत शिरत, चुना आणि फिनेल मारत, कौलं काढून आत ऊन सोडत. त्यांच्याबरोबर घरातून तांब्या-पेलाही बाहेर जातो, असं सगळं गाव म्हणत होतं. सगळ्यांचा जीव घरात अडकला होता, पण परत यायची हिंमत कुणालाच नव्हती.

"किल्ल्या आपल्याकडं ठिवून घिऊ," आक्का म्हणाली. "मानसं आली की आपन कुलूप उगडून द्यायचं, हुबं ऱ्हायाचं, परत लावायचं. हाय काय आन् न्हाय काय."

मी उठून उभा राहिलो. पाय खरोखरच वाजले असतील.

"असं काही करायचं नाही," मी म्हणालो. "माझा बाप गावाची राखण करायचा. गावात चोरी झाली की आधी त्यालाच चावडीवर नेऊन बसवायचे. उद्या या बोळातली एक वाटी जरी इकडची तिकडं झाली, तर चोर कोण ठरेल? तू नाही, आपली सगळी मंडळी. आपल्या पोरांना जन्मभर ऐकावं लागेल."

आक्कानं विचारलं, "तुजा बा चोर हुता का?"

"नव्हता."

"मग?"

"पण चावडीवर बसला ना!"

आक्कानं पदर खोचला. मग म्हणाली, "बघते की मी." मी कपाळाला हात लावला.

माळावर मी तिच्याबरोबर गेलो, तिला एकटं सोडायची भीती वाटली म्हणून. तिनं पदर पसरला आणि त्यात किल्ल्या पडू लागल्या. विणकरानं किल्ली टाकली आणि हातांनी माग चालवून दाखवला. मागावर लुगडं अर्धं आहे, सांभाळा, एवढं तेलगू आम्हाला हातांवरून कळलं. शिलाईवाल्याची बायको म्हणाली, "आक्का, मुर्गी अंडों पे बैठी है. उसको उठाके कैसा लाती मैं? दाना डालते जाव."

सगळ्यात शेवटी कोर्टातल्या कारकुनाच्या पत्नी आल्या. त्यांना सगळा बोळ काकू म्हणायचा. किल्ली हातात घट्ट धरून उभ्या राहिल्या. आमच्या लोकांच्या सावलीपासूनही त्या बाजूला सरायच्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "कुलूप उघडून द्यायचं आणि दारातूनच बघायचं. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. देवघर आहे माझं."

"बघते की मी, काकू."

काकूंनी समाधानानं किल्ली पदरात टाकली. त्या उत्तराचा अर्थ तिथं मला एकट्याला ठाऊक होता.

चारच दिवसांत म्युनिसिपालटीचा मुकादम आपली माणसं घेऊन बोळात आला. आक्कानं डोक्याला पांढरं फडकं बांधलं होतं आणि किल्ल्यांचा झुबका गळ्यात घातला होता. कुठली किल्ली कुठल्या घराची, याचा पार गोंधळ झाला होता. काकूंच्या दाराशी एकेक किल्ली घालून बघत ती किती वेळ उभी राहिली.

मुकादम म्हणाला, "आक्के, अंधार पाडनार काय हितंच?"

"तुज्या सासऱ्याचं घर हाय व्हय रं, तू आलास की दार उगडायला?"

चुन्याच्या बादल्या घेतलेली माणसंही हसली. कुलूप निघालं, माणसं आत गेली. आक्का उंबऱ्याबाहेर मान लांब करून उभी राहिली. मी रस्त्यावर नाकाला रुमाल लावून उभा होतो. आतल्या खोलीत पितळेचं काहीतरी खणकन वाजलं.

"मास्तर, ऐकलं का?"

"ऐकलं. दारातूनच बघ."

"दारातनं नुसता आवाज येतोय. भांडं कुनाच्या हातात हाय ते कुटं दिसतंय?"

मी "आक्का" म्हणेपर्यंत ती आत होती. लगेच तिचा आवाज आला, "ए बाबा, त्यो तांब्या हुता तितं ठिव. तुज्या आईनं आंदन दिलाय व्हय? आन् ह्यो, ह्याच्या कनवटीला काय हाय? काड भायेर!" मग सोप्यातून, मग स्वयंपाकघरातून, मग आणखी आतून तिचा आवाज येत राहिला. ती बाहेर आली तेव्हा केस चुन्यानं पांढरे झाले होते आणि डोक्याला फडकं नव्हतं.

"फडकं कुठं गेलं?"

"हाय आत. असू दे."

त्यानंतर प्रत्येक घरात ती आत शिरली. मुकादमाची माणसं मुकाट्यानं कामं करत राहिली. चुना जाऊन तिचे डोळे लाल झाले, पण तिनं बोळातली एक वाटीही हलू दिली नाही.

त्या संध्याकाळी पाळकसाहेबांच्या पडवीत आम्ही तिघं बसलो. चोरीचं भय संपलं होतं आणि त्याच्या जागी दुसरं आलं होतं. ही घराघरांत, देवघरांत वावरली, हे कळलं तर बोळ पेटून उठेल. किरिस्तावांनी देव बाटवले म्हणतील. आमच्या शाळेत येणारी त्यांची पोरं काढून घेतील. आमच्या बायकांना त्या बोळातून पाण्याला जाणं मुश्कील होईल.

"तू कुणाला काही बोलू नकोस," मी तिला बजावलं. "कुणी विचारणार नाही."

पाळकसाहेब अडचणीत पडले. खोटं बोल असं तर त्यांना सांगता येईना. "आपण होऊन सांगायची गरज नाही," ते अगदी हळू म्हणाले. "नुसतं गप्प राहणं म्हणजे काही..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

"बघते की मी," आक्का म्हणाली.

तो हिवाळा मी दोन भीतींत काढला. एक गाठीची, एक बोभाट्याची. माळावर ज्वारी घेऊन गेलो आणि दोन माणसं हळू बोलताना दिसली, की वाटायचं, फुटलं. मुकादमाच्या माणसांपैकी कुणी बोललं असेल का? आक्का मात्र कोंबडीला दाणे टाकायला बोळात जायची आणि पिल्लं निघाली की कुणाची किती, याचा विचार करायची.

होळीच्या सुमारास ऊन तापलं, उंदीर पडायचे थांबले आणि लोक परतले. आक्का दारोदार किल्ल्या देत फिरली. कारकुनाच्या घरासमोर आम्ही रस्त्यावर थांबलो. पाळकसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ती ते पिळत होते. काकू आत भांडी तपासत होत्या. एकेक भांडं वाजत होतं. शेवटी त्या ओसरीवर आल्या.

"सगळं आहे हो," त्या म्हणाल्या. "देवघर तेवढं आंघोळ झाल्यावर बघेन. पण सगळं जिथल्या तिथं आहे."

काकूंनी वाटीतून गोमूत्र आणलं आणि आक्काचा हात लागलेल्या कुलपावर, कडीवर, उंबऱ्यावर तुळशीच्या पानानं शिंपडलं. मला राग आला, पण तो मी गिळला. एवढ्यावर सुटलो होतो. मी आक्काची बाही ओढली.

आक्का हलली नाही.

"काकू, तेवड्यानं भागायचं न्हाय."

"म्हणजे?"

"सोप्यात बी शिंपडा. सैपाकघरात बी. मी आत गेले हुते."

आजूबाजूच्या ओसऱ्यांवरची माणसं वळून बघू लागली. पाळकसाहेबांच्या हातातली टोपी थांबली. काकूंच्या हातातल्या पानावरून थेंब उंबऱ्यावर पडत होते.

"देवघरात?" काकूंनी विचारलं.

"देवघरात बी. चुना मारनारा वरनं शितोडे उडवत हुता. तुमच्या देवांवर माजं फडकं टाकलं. हात न्हाय लावला, नुसतं झाकलं."

आता पाळकसाहेब दचकले. "आक्का! मूर्तींवर? तू?"

"दुसऱ्याची वस्त हुती, साहेब. राखायला घेतली हुती."

काकू आत गेल्या. कारकून बाहेर आले, आमच्याकडं बघितलं, म्हणाले, "हे बरं नाही झालं," आणि तेही आत गेले. समोरच्या ओसरीवर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मोठ्यानं खाकरलं.

"चल इथून," मी आक्काच्या कानात म्हणालो.

"थांब की. फडकं माजं आत हाय."

आत न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ काहीच कळेना. मग खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"इथं?"

"व्हय, तितं बी," आक्का रस्त्यावरून ओरडली.

"आणि या कोनाड्यापाशी?"

"तितं न्हाय. त्याच्या अल्याड. हां, तितं."

आमची आक्का भर रस्त्यात उभी राहून आपला विटाळ कुठं कुठं झाला ते दाखवत होती आणि त्या बाई वाटी घेऊन शिंपडत होत्या. त्या शिंपडण्याला मी आजही माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

पण पुढचं मी पाहिलं, तेही सांगितलं पाहिजे. काकू ओल्या केसांनी अंगणात आल्या. हातात चुन्यानं कडक झालेलं ते फडकं होतं. आता त्या ते लांबूनच रस्त्यावर टाकतील, म्हणून मी ते उचलायला पुढं झालो. त्यांनी ते दगडावर घेतलं आणि स्वतः धुतलं. चुना जाईपर्यंत तीनतीनदा पाणी घालून चोळलं, पिळलं, झटकलं आणि आपल्या दोरीवर आपल्या लुगड्याशेजारी वाळत घातलं. बोळात कुणी काही बोललं नाही. खाकरणाराही नाही.

आक्का रस्त्याच्या पलीकडं भिंतीच्या सावलीला बसून राहिली. पाळकसाहेबांनी टोपी डोक्यावर घातली. मला शाळेत जायचं होतं, पण पाय निघेना. थोड्या वेळानं काकू पुन्हा अंगणात आल्या, दोरीवरच्या फडक्याचं टोक बोटांत धरून चाचपलं आणि रस्त्याकडं बघून म्हणाल्या, "अजून ओलं आहे गं."