लॉरीचं रडकं तोंड

आमची मोठी कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची. नारळ असो, टोपली असो, नवी चप्पल असो की कुणी प्रेमानं आणलेली लोणच्याची बरणी असो, हातात आली की तिचं बूड वर. ‘वरनं सगळंच बरं दिसतं,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. लोक तिच्या ह्या सवयीचं भारी कौतुक करायचे. मी कधी केलं नाही. का करू? ह्या घरात माझ्यादेखत तिनं पहिली उलटी केलेली वस्तू माझी होती.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढल्या वर्षी लग्न होऊन मी ठाकुर्लीहून कोपरीला आले. माझे वडील पिढीजात मासेमारी सोडून रेल्वेत लागलेले, मी मराठी सातवी पास, त्यामुळे अंगात जरा तोरा होताच. सासरी ठाण्यातल्या तळ्यांमध्ये मासे धरायचा मक्ता. सासरे, त्यांचे दोन मुलगे, एक लहानशी होडी आणि चार जाळी, एवढ्यावर घर चालायचं. मोठी म्हणजे माझी थोरली जाऊ. सगळे तिला मोठीच म्हणायचे. मी तोंडावर ‘बाय’ म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही. तर माझ्याबरोबर दिलेली पितळेची घागर आईनं कल्याणच्या बाजारातून चार दुकानं हिंडून आणलेली. भर मांडवात, सगळ्या बायकांदेखत, मोठीनं ती उचलली, उलटी केली, बुडाला अंगठा दाबला आणि म्हणाली, “बूड बारीक हाय गो हिचं.” आईचा चेहरा एवढासा झाला. मी मुंडावळ्यांसकट रडले. पुढं वर्षभर मी मोठीशी कामापुरतं बोलले.

तिच्यात एवढं काय होतं, मला खरंच कळत नसे. ना रंग ना रूप, अक्षरओळख नाही, सही म्हणजे अंगठा. पण आमच्या सासऱ्यांचं, आप्पांचं, पान तिच्यावाचून हलत नसे. पेपर मी वाचून दाखवायची. ऐकून झालं की आप्पा डोळे मिटून म्हणायचे, “बरं. मोठीला विचारा.” जाळ्याला सूत कुठलं आणायचं, मोठीला विचारा. पाहुण्यांना रविवारी बोलवायचं की सोमवारी, मोठीला विचारा. एकदा मी तापानं फणफणले होते, तर डॉक्टरकडे न्यायचं का, हेसुद्धा मोठीला विचारलं. ती ‘न्या’ म्हणाली म्हणून मी गेले. औषधानं ताप उतरला, पण अंगाचा तिळपापड व्हायचा तो होतच राहिला.

होडी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात न्यायची म्हणजे दोन चाकांच्या गाड्यावर चढवायची आणि बैलांनी ओढत न्यायची. ठाण्यातल्या ठाण्यात हे चालून जायचं. आप्पांनी कल्याणकडच्या एका तळ्याचा मक्ता घेतला आणि पंचाईत झाली. बैलांना पोचायलाच दिवस लागायचा, आणि परत येईपर्यंत मासळी नरम पडायची. त्यात एक बैल म्हातारा झालेला. शेवटी ठरलं की जुनी लॉरी घ्यायची. बर्फ, मासळी, जाळी आणि माणसं वर, होडीचा गाडा मागं हुकाला. लढाई संपल्यावर लष्कराच्या गाड्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे मोडीत, विकायला निघाल्या होत्या, कल्याणला त्यांची रांगच्या रांग उभी असायची. आप्पांनी होतं नव्हतं ते सगळं काढलं. ही निवड चुकली तर दुसरी लॉरी घ्यायची ऐपत नव्हती, आणि बैलही विकून टाकलेले.

आणि इथं माझं नशीब फळफळलं, असं मला वाटलं. माझा दादा लढाईच्या वेळी कल्याणच्या छावणीत ड्रायव्हर होता. आता तो अशाच जुन्या लॉऱ्या विकणाऱ्या एका मालकाकडे हंगामी कामाला होता. मी आप्पांना म्हटलं, “माझा दादा दाखवील चांगली गाडी.” आप्पा म्हणाले, “बरं.” मी थांबले. पुढं काहीच बोलले नाहीत. मोठीला विचारा म्हणाले नाहीत. त्या दिवशी मी कुणी न सांगता शिरा केला. लॉरी माझ्या माहेरच्या माणसानं दाखवलेली असणार, कोपरीतून ती फिरेल तेव्हा लोक म्हणतील, धाकटीच्या भावानं आणून दिली. मला बाकी काही नको होतं. एवढंच हवं होतं.

कल्याणला आप्पा, आमचे हे आणि मी निघालो. मोठीही निघाली. तिला कुणी बोलावलं देव जाणे. दादानं एक हिरवीगार लॉरी पुढं काढून ठेवली होती, धुऊनपुसून, वर झेंडूची माळ घालून. हँडल मारल्याबरोबर पहिल्या झटक्याला सुरू झाली. हे तर चाकामागं जाऊन बसलेसुद्धा. आप्पा बॉनेटवरून हात फिरवत होते आणि दादा इंजिनाबद्दल भराभर सांगत होता. मी मोठीकडे बघितलं. म्हटलं, आता बोल.

मोठीनं लुगडं खोचलं आणि सरळ धुळीत पाठ टेकून लॉरीच्या शेपटाखाली शिरली. आजूबाजूचे ड्रायव्हर हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत हातानं काहीतरी चाचपत होती, आणि दादा मधेच बोलायचा थांबला. थोड्या वेळानं ती बाहेर आली. बोटं हिरवी झाली होती. ती तिनं पदराच्या आतल्या बाजूला पुसली. आधी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. आणि म्हणाली, “हिचं तोंड मना नाय आवडलं. रडकं हाय.”

सगळे खो खो हसले. आप्पा म्हणाले, “अगो मोठे, तोंडाशी काय करायचंय? होडी मागं बांधायची आहे.”

“रोज सकाळी उठून तेच तोंड बगायचं ना? मना नको.”

आणि आप्पा, इंजिनाचा आवाज ऐकून खूश झालेला तो शहाणा माणूस, म्हणाला, “मग नको.” हे मुकाट्यानं खाली उतरले. जाता जाता मोठी दादाला म्हणाली, “भाऊ, तुमच्या नजरेत आणखी एखादी असंल. आठ दिवसांनी दाखवा.” नाकारायचं ते नाकारायचं आणि वर मीठ चोळायचं, असं मला वाटलं.

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आमच्या माहेरचं ह्या घरात काही चालत नाही, हे मात्र निश्चित बोलले. मोठी दारात बसून मासे खवलत होती. तिनं मान वर केली नाही. तिचं ते गप्प बसणं मला शिरजोरीचं वाटलं.

आठ दिवसांनी दादानं दुसरी लॉरी दाखवली. मातकट रंगाची, एक दिवा गेलेला, सीट फाटलेली, पहिलीच्या मानानं लहान. मोठी पुन्हा खाली शिरून आली. मग तिनं दादाला ती तळ्याच्या काठी न्यायला लावली. दगडांनी भरलेला एक गाडा मागं बांधायला लावला. “पुढं जायला काय, कुणीपण जातं,” ती म्हणाली. “पाण्याशी मागं न्या, उभी करा, आणि मग वर चढवा.” मागची चाकं ओल्या मातीत गेली. लॉरी खोकली, थरथरली आणि गाड्यासकट वर आली. मग मोठी म्हणाली, “आता उतारावर थांबवून दावा.” लॉरी थांबली, मागच्या गाड्यानं तिला ढकललं नाही. “ओढील कुणीपण. मागचं ओझं घेऊन थांबली पायजे. ही चालंल.” कोपरीत आल्यावर ती भेटेल त्याला सांगायची, “आमच्या मालीच्या भावानं दाखवली.” माली म्हणजे मी. ती मला टोमणा मारते आहे, अशी माझी खात्री होती.

लॉरी चालली, हे मला कबूल केलं पाहिजे. पण तिच्यातही माझ्या वाट्याला काय आलं बघा. लॉरी माझा नवरा चालवायचा आणि त्याच्या शेजारी कॅबिनमध्ये बसायची मोठी. मागच्या खिडकीतून होडी नीट येते का बघायला म्हणे. मी आणि थोरले भावजी मागं, मासळीच्या टोपल्यांत. मुंब्र्याच्या उताराला बर्फाचं पाणी माझ्या पाठीवर यायचं आणि पुढं ह्या दोघांचं हसणं ऐकू यायचं. मी मग माझा सूड घ्यायची. नळावर, बाजारात, बारशात, जिथं चार बायका भेटतील तिथं गोष्ट सांगायची की आमची मोठी लॉरीचं तोंड बघते, जसं काही स्थळच बघायला गेलेली. बायका पोट धरून हसायच्या. मोठी तिथं असली तर तीही हसायची. तिच्या पदरावरचा तो हिरवा डाग काही केल्या गेला नाही. मी म्हणायची, “बाय, लॉरी तुमच्यावर रुसली, रंग उडवून गेली.” ती म्हणायची, “जाऊ दे गो.”

पुढं ह्यांना डोंबिवलीत एका कारखान्याच्या गाडीवर नोकरी लागली आणि आम्ही वेगळे झालो. मी मनातून आनंदले. आता ‘मालीला विचारा’ म्हणणारं घर. सामान त्याच लॉरीत भरलं. मोठीनं माझं एकही भांडं उलटं केलं नाही, जसं होतं तसं उचलून ठेवलं. मी सवयीनं मागं चढायला लागले, तर तिनं दंडाला धरलं. “आज तू बस पुढं,” म्हणाली, आणि स्वतः मागं माझ्या भांड्यांमध्ये जाऊन बसली. मला वाटलं, जाता जाता मेहरबानी दाखवते. डोंबिवली येईपर्यंत मी मागं वळून एकदाही बघितलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांत ती गेली. साधा ताप म्हणत म्हणत आठ दिवसांत गेली. डॉक्टरकडे न्यायचं का, हे विचारायला त्या घरात कुणी उरलं नव्हतं, कारण विचारायचं ते हिलाच. बाराव्याला दादा आला आणि वडील गेले तेव्हा रडला नव्हता एवढा रडला. मला नवल वाटलं. मी त्याला पडवीत बाजूला घेतलं आणि म्हटलं, “दादा, तिनं तर तुझा चारचौघांत अपमान केलेला.”

“अपमान?” दादा म्हणाला. “माले, त्या हिरव्या लॉरीची चासी, खालचा लोखंडी सांगाडा, मागून तडकलेली होती. जिथं हूक बसवायचा, बरोब्बर तिथंच. मालकानं भेगेत लांबीचा लगदा भरून वरनं रंग मारून घेतलेला. ही खपव, तुला कायम करतो, म्हणाला. मला सगळं ठाऊक होतं. रंग ओला होता, तिच्या हाताला लागला.”

मागच्या कडेला टोपल्यांपाशी बसणारी मीच होते.

“दुसऱ्या दिवशी मी टेंभी नाक्याला ती मासळी घेऊन बसायची तिथं गेलो,” दादा म्हणाला. “पाय धरणार होतो. ती म्हणाली, ‘एकदा भर मांडवात मी तुमच्या घागरीचं बूड बघितलं, तर पोरगी वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. आता तिच्या माहेराचं बूड मी लोकांत बघायची नाही. तुम्ही फक्त चांगली गाडी दाखवा.’ मग मी ती नोकरी सोडली आणि दुसऱ्याच एका माणसाकडची ही मातकट लॉरी शोधून काढली.”

थोरल्या भावजींनी आठवण म्हणून मला मोठीचं एक लुगडं दिलं. कुठलं ते सांगायला नको. डोंबिवलीला परत आल्यावर मी ते खुंटीला लावलं आणि फळीवरची घागर खाली काढली. इतकी वर्षं रोज घासली, रोज भरली, पण उलटी करून कधी बघितली नव्हती. हट्टानंच नव्हती बघितली. उलटी केली आणि बुडाला अंगठा दाबला. अंगठ्याखाली पत्रा टकटक आत-बाहेर व्हायला लागला. बूड बारीकच होतं.

लोकांना वाटतं, एवढं कळल्यावर माझा हेवा संपला असेल. मुळीच नाही. आधी मला तिच्या मानाचा हेवा वाटायचा, आता तिच्या गप्प बसण्याचा वाटतो. मी इतकी वर्षं नळावर तिचं हसं केलं आणि एका वाक्यात माझं तोंड बंद करता येत असताना ती ‘जाऊ दे गो’ म्हणत राहिली. मी तिच्या जागी असते तर त्याच संध्याकाळी अख्ख्या कोपरीला सांगून आले असते.