दादाने शिकवलेला अर्धा फटका

झेंडा चाळीस-पन्नास यार्डांवर दिसत असतो. गोल्फ न खेळणाऱ्याला वाटतं, आता काय, सोपं झालं. पण लांबचा फटका पूर्ण ताकदीने मारता येतो आणि हा मारायचा असतो अर्ध्या ताकदीने. घोळ तिथेच होतो. वेज नावाची तिरक्या तोंडाची काठी असते. तिने चेंडू उंच उडून झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर हळूच उतरायला हवा. माझी वेज एक तर चेंडूच्या आधीच जमिनीत घुसायची आणि चेंडूपेक्षा मातीच लांब जायची. नाहीतर चेंडूच्या पोटात बसायची आणि तो सुसाट पलीकडच्या झाडीत.

यावरचा उपाय मला दादाने सांगितला होता. "बॉलजवल आला ना, का हात ढिला सोड. ब्रेक मारल्यासारखा. जोर केलास का गेला."

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. वडील लवकर गेले. त्याने शाळा सोडून घर धरलं, मला मात्र सोडू दिली नाही. मी वकील झालो, बेलापूरला ऑफिस थाटलं, ते त्याच्या जिवावर. तो द्रोणागिरीत गोदामं बांधतो. गोल्फ शिकला तोही धंद्यापायी, कारण ज्यांच्याशी त्याचं काम पडे ती माणसं रविवारी सकाळी तिथेच भेटत. मग मलाही हाताला धरून घेऊन गेला. ग्लोव्ह कसा घालायचा इथपासून सगळं त्यानेच शिकवलं. त्याचं बोलणं पडताळून बघावं असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दोनेक वर्षं मी चेंडूजवळ ब्रेक मारत राहिलो. जितका मारी तितका फटका बिघडे. दादा म्हणे, "अजून ढिला." मी अजून ढिला सोडी. गणपतीत सगळं घर जमलं की तो उभा राहून माझी नक्कल करी. पळी हातात घेऊन चेंडूवर वाकायचा, मग जमिनीत काठी रुतल्यासारखं तोंड करायचा. आई हसून डोळे पुसायची. मीही हसायचो.

शेवटी बायकोच म्हणाली, "एकदा कोचकडे जा ना. किती दिवस असा तोंड पाडून घरी येणार?"

कोच बाई तिशीतल्या होत्या, बोलायला रोखठोक. माझे चार-पाच फटके बघून त्यांनी हात वर केला. "थांबा. चेंडूजवळ येऊन काठी हळू करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"असंच... बघून बघून," मी म्हणालो. दादाचं नाव घ्यायला जीभ वळेना.

"सगळं उलटं चाललंय. काठी मागेच कमी न्या, कमरेपर्यंत. वजन डाव्या पायावर. आणि मग थांबायचं नाही, छाती झेंड्याकडे वळेपर्यंत पुढे जायचं. अंतर मागे ठरतं, चेंडूपाशी नाही."

थोड्याच वेळात चेंडू उडायला लागला. टप्पा घेऊन जागच्या जागी थांबायला लागला. मला इतका आनंद झाला की पुढच्या रविवारी मी लवकरच निघालो. वाटेत एकच विचार, दादा बिचारा आपला आपण शिकलेला, त्याचा फटका सवयीने बसतो, पण का बसतो ते त्यालाही ठाऊक नसणार. आज एकदा मी त्याला काहीतरी शिकवीन.

सरावाच्या जागेवर तो आधीच आला होता. पाठमोरा. शेजारी त्याचा आर्किटेक्ट, नुकताच खेळायला लागलेला. मी हाक मारणार तेवढ्यात दादाचा आवाज आला.

"नाय नाय सायेब, ब्रेक नाय मारायचा. मागं कमी न्या, पुढं बिनधास जा. बॉलजवल हात ढिला सोडला का मातीच उडनार."

मी जाळीमागे उभाच राहिलो. आर्किटेक्टचा चेंडू छान उडाला. दादाने टाळी वाजवली.

त्या दिवशी मी त्याच्यासोबत खेळलो नाही. पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा राहिलो. तो आला, माझं तोंड बघितलं आणि त्याला कळलं असावं.

"दादा, तुला येत होतं. मग मला उलटं का सांगितलंस?"

त्याने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "अरे, गंमत रं."

"दोन वर्षं?"

त्याने डोंगराकडे तोंड फिरवलं. मग खाली बघून म्हणाला, "तू सगल्यान पुढं गेलास. बोलन्यात, कागदात, लोकांत. लोक मना इचारतात, तुमी वकीलसायेबांचे भाऊ का? एका जागी तरी मी मोठा ऱ्हावा, असा वाटला."

मला भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्याने माझ्यासाठी शाळा सोडली त्याला काय बोलणार? मी गाडीत बसलो आणि निघालो. पाम बीच रोडवर मला भडभडून आलं. गणपतीतली ती पळी आठवली, आईचं हसणं आठवलं, आणि त्या हसण्यात सामील झालेला मी.

आम्ही आता पुन्हा एकत्र खेळतो. अर्धा फटका मला नीट येतो, कधीकधी मी जिंकतोही. तेव्हा तो "शाबास" म्हणतो आणि मी चेंडू उचलायला वाकतो.

गेल्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं निघालं. दादाने नेहमीप्रमाणे डॉक्टर ठरवला, म्हणाला, लगेच करून टाकू. मी त्याला न सांगता आईला वाशीला दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवून आणलं. त्यांनीही तेच सांगितलं. आईच्या पोटात काही राहत नाही, तिने संध्याकाळी त्याला सांगून टाकलं.

त्याचा फोन आला. मी उचलला.

"दुसऱ्याला इचारलास?" तो म्हणाला. "बरा केलास."