संध्याकाळची सहा-सात मिनिटं

आयडा ग्रेशियस बोरीवलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सव्वीस वर्षं लॅब असिस्टंट आहे. राहते खाडीपलीकडे, गोराईला. रोज फेरीबोटीने ये-जा. म्हणूनच कॉलेजातल्या देवव्रत सरांना प्रयोगासाठी तिचं घर हवं होतं. केबल न टाकता, लेझरच्या उजेडावर हवेतून माहिती पाठवायची आणि वाटेत ती कशाकशाने बिघडते ते मोजायचं, असा त्यांचा प्रकल्प. लेझर आयडाच्या गच्चीवर बसला आणि तो पकडणारा रिसीव्हर कॉलेजच्या गच्चीवर. तिच्या नवऱ्याने, डेनिसने, मिरच्या वाळवायची जागा कुरकुरत बदलली.

दोन महिने झकास गेले. मार्च लागला आणि रोज संध्याकाळी साडेसहानंतर सहा-सात मिनिटं आलेली माहिती पार विस्कटू लागली. खाऱ्या वाऱ्याने आयडाकडचा स्टँड हलत असणार, असं सरांना वाटलं. तिने तो सिमेंटमध्ये पक्का करून घेतला. फरक शून्य. सरांनी पुन्हा स्टँडबद्दलच विचारलं तेव्हा तिला जरा लागलं. घरी ती तासभर त्याला हात लावून बसली. तो तसूभरही हलत नव्हता.

मग एका शुक्रवारी रिसीव्हर सांभाळणारा अनिरुद्ध रजेवर गेला आणि आयडा पहिल्यांदाच संध्याकाळी सरांसोबत कॉलेजच्या गच्चीवर थांबली. चुका सुरू झाल्या तशी तिने खाडीपलीकडे पाहिलं आणि डोळ्यांवर हात आडवा धरला.

"सर, माझं घर दिसत नाहीये. सूर्य बरोबर त्याच्यावर आलाय."

सर काही बोलायच्या आत तिने डेनिसला फोन लावून लेझर बंद करायला सांगितलं. त्याने केला. तरीही मीटरवर उजेडाचा आकडा चढलेलाच होता. रिसीव्हरमध्ये मावळतीचं ऊन शिरत होतं आणि लेझर त्यात बुडून जात होता.

सरांनी आकडा वहीत टिपून घेतला. "आयडाताई, स्टँडचं मी उगाच लावून धरलं."

"असू द्या सर. पक्का झाला ना, बरंच झालं."

सरांनी रिसीव्हरपुढे फक्त लेझरचाच रंग आत सोडणारी काच बसवली. पण सूर्य मावळायची जागा रोज सरकते, मग फरक काचेमुळे पडला की सूर्य सरकल्यामुळे, हे कसं कळणार, असं आयडाने विचारलं. म्हणून दोघांनी एक मिनिट काच लावून, एक मिनिट काढून मोजलं. काच असली की दहातली एखादीच चूक उरायची.

अहवालात कारण आयडाने शोधल्याचं एक वाक्य आहे. तिने ते डेनिसला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं, आणि मग दोघं जेवायला बसले.

ती पुढच्या वर्षी निवृत्त होईल. तोवर पावसाळ्यातली मोजणी तिच्याकडेच आहे. छत्री घेऊन गच्चीवर जायला तिला आवडतं.